मानेवरील मऊ गांठ : लसिकावाहिन्यांचे जन्मजात दोष

तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊं घालतांना आजीचा हात एकाएकीं थबकतो. मानेच्या एका बाजूला, कानाच्या जरा खालीं, बोटांना कांहींतरी मऊ लागतें. दाबलें तर दबतें, सोडलें तर पुन्हां फुगतें. बाळ रडत नाहीं, त्याला ताप नाहीं, तें दूधहि नीट पितें. पण त्या दिवसापासून घरांतील बोलण्याचा सूर बदलतो. कोणी म्हणतें, गंडमाळ असेल. कोणी म्हणतें, पोटीस बांधा, फुटून जाईल. शेजारची एखादी वृद्ध बाई बाळंतिणीला हळूच विचारते कीं, ग्रहणाच्या दिवशीं कांहीं चिरलें होतें काय? आणि घरांतील जो शिकलेला कर्ता पुरुष यांपैकीं कशावरहि विश्वास ठेवीत नाहीं, तो मनांतल्या मनांत एकाच शब्दानें धास्तावलेला असतो. तो शब्द म्हणजे कर्करोग.

अशा गांठींपैकीं कांहीं गांठी यांतील एकहि नसतात. बाळ गर्भांत असतांना लसिकावाहिन्यांच्या घडणींत राहून गेलेला तो एक दोष असतो. हा विकार विरळा आहे. त्यामुळें पुष्कळ घरांनीं त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें. आणि नांव ठाऊक नसल्यामुळें जें नुकसान होतें, तें कित्येकदां मूळ दोषानें होणाऱ्या नुकसानीपेक्षां अधिक असतें. गांठीला योग्य नांव मिळणें हा या विकारांत अर्धा उपचारच होय. हें कसें, तें पाहण्यापूर्वीं लसिका म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे.

रक्त हृदयापासून निघतें आणि फिरून हृदयाकडेच येतें, हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु जेवढें पाणी रक्ताबरोबर अतिसूक्ष्म केशवाहिन्यांपर्यंत पोंचतें, तेवढें सारें रक्ताच्या वाटेनेंच परतत नाहीं. त्यांतील कांहीं भाग केशवाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून पेशींच्या भोंवतीं पसरतो. शेताला पाटाचें पाणी दिल्यावर जास्तीचें पाणी वाहून नेण्यासाठीं जसे चर खणलेले असतात, तसें हें झिरपलेलें पाणी गोळा करणाऱ्या अत्यंत पातळ भिंतींच्या नळ्यांचें एक जाळें शरीरांत पसरलेलें असतें. त्या पाण्याला लसिका आणि त्या नळ्यांना लसिकावाहिन्या असें म्हणतात. वाटेंत जागोजाग लसिकाग्रंथींचीं ठाणीं असतात. तेथें जंतूंची अडवणूक होते. पायाला कांटा लागून तो पिकला कीं जांघेंत अवधाण येतें, तें अशाच एका ठाण्यावर चाललेल्या चकमकीचें चिन्ह होय. सर्व ठाणीं ओलांडून लसिका अखेर गळ्याच्या मुळाशीं असलेल्या मोठ्या शिरांत शिरते आणि पुन्हां रक्तांत मिसळते.

या वाहिन्या बहुधा रंगहीन असतात. म्हणून त्या शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेस फार उशिरां पडल्या. १६२२ सालीं इटलींतील गास्पारे आसेल्ली हा, नुकतेंच खाऊं घातलेल्या एका कुत्र्याचें पोट उघडून पाहत असतां, त्याला आंतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें दिसलें. त्या नसाच असाव्यात असें त्याला प्रथम वाटलें. त्यानें त्यांतील एक दोरी कापली, तेव्हां आंतून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला. अन्नांतील चरबी आंतड्यांतील लसिकावाहिन्यांतून जाते, म्हणून भरल्या पोटीं तेथील लसिका पांढरी दिसते. पुढें १६५० च्या सुमारास स्वीडनमध्यें रुडबेक व डेन्मार्कमध्यें बार्थोलिन यांनीं शरीराच्या इतर भागांतीलहि लसिकावाहिन्या दाखवून दिल्या, आणि शोधाचा मान कोणाचा यावर त्या दोघांमध्यें मोठा वाद माजला.

आतां हें जाळें गर्भांत तयार कसें होतें? अमेरिकेंतील फ्लॉरेन्स सेबिन या विदुषीनें १९०२ मध्यें डुकराच्या गर्भांतील सूक्ष्म वाहिन्यांत रंग सोडून असें प्रतिपादन केलें कीं, लसिकावाहिन्यांना अंकुर फुटतात ते शिरांपासूनच. प्रथम मानेजवळच्या मोठ्या शिरांना लहान कोष फुटतात आणि त्यांपासून शाखा पसरत जातात. अलीकडच्या संशोधनानें त्यांत आणखी कांहीं उगमांची भर घातली असली, तरी सेबिनबाईंचें मुख्य म्हणणें खरें ठरलें आहे. या बांधकामांत कोठें चूक झाली, एखादा भाग मुख्य प्रवाहाला नीट जोडला गेला नाहीं, तर त्या जागीं लसिकेनें भरलेल्या पिशव्या होऊन बसतात. हे दोष डोकें, मान आणि काख या भागांत सर्वांत अधिक आढळतात.

अशा गांठींचें सविस्तर वर्णन जर्मनींतील वेर्नर यानें १८४३ मध्यें केलें आणि तिला जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘पाणगांठ’ असा होता. पुढें तिला ‘लिंफँजिओमा’ म्हणूं लागले. या नांवाच्या शेवटचें ‘ओमा’ हें अक्षरद्वय वैद्यकांत अर्बुदाला, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या मांसगोळ्याला लावतात. नांवांतच अर्बुद आल्यामुळें उपचारहि अर्बुदाचाच सुचूं लागला. तो उपचार म्हणजे जेवढें सांपडेल तेवढें समूळ कापून काढणें. मानेंत चेहऱ्याच्या, जिभेच्या आणि खांद्याच्या नसा एकमेकींजवळून जातात. हे दोष त्यांच्याभोंवतीं वेलीसारखे गुंतलेले असतात. समूळ उच्चाटनाच्या आग्रहापायीं गांठ गेली, पण ओठ एका बाजूला कायमचा ओढला गेला, असे प्रसंग घडले. शिवाय जो अंश मागें राही, त्यांत पुन्हां पाणी भरून सूज परत येई.

१९८२ मध्यें अमेरिकेंतील मलिकेन आणि ग्लोवाकी या दोघांनीं या नांवांच्या गोंधळाला आळा घातला. वाहिन्यांच्या जन्मजात विकारांतील पेशी त्यांनीं तपासल्या. कांहीं विकारांत पेशी झपाट्यानें दुणावत होत्या; तीं खरीं अर्बुदें. दुसऱ्या कांहींत पेशींची तशी वाढ नव्हती. तेथें नुसती रचना चुकलेली होती. या दुसऱ्या वर्गाला त्यांनीं रचनादोष म्हटलें. १९९६ मध्यें या विषयाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें हाच भेद पायाभूत मानून वर्गीकरण स्वीकारलें. लसिकावाहिन्यांच्या या गांठी रचनादोषांत मोडतात. त्या कर्करोग नव्हेत, त्यांचें कर्करोगांत रूपांतर होण्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं, आणि म्हणूनच त्यांचा शेवटचा कण काढण्यासाठीं मुलाचा चेहरा पणाला लावण्याचेंहि कारण नाहीं.

हा भेद केवळ पंडितांचा नाहीं, हें एका उदाहरणावरून दिसेल. अर्भकांच्या अंगावर लालभडक फुगवटा येतो, तो रक्तवाहिन्यांचें अर्बुद असतो. तो जन्मानंतर कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागतो, पहिले कांहीं महिने भराभर वाढतो आणि मग वर्षानुवर्षें हळूहळू ओसरत जातो. हृदयविकारावर वापरण्यांत येणारें प्रोप्रॅनोलॉल हें औषध त्यावर गुणकारी आहे, असें फ्रान्समधील डॉक्टरांच्या ध्यानीं येऊन तें २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. तेंच औषध लसिकेच्या गांठीला दिलें तर तसा गुण येत नाहीं. दोन्ही गांठींना एकच नांव दिलें, तर एका मुलाचा लाभ होईल आणि दुसऱ्याचे महिने फुकट जातील.

तेव्हां निदान कसें करतात? पहिलें साधन म्हणजे साधे प्रश्न. गांठ जन्मतः होती कीं मागाहून दिसली? निम्म्याहून अधिक मुलांत ती जन्माच्या वेळींच दिसते आणि बहुतेकांत दोन वर्षांच्या आंत दिसते. ती मुलाच्या वाढीबरोबर वाढते कीं त्याहून भराभर? सर्दी-पडसें झालें असतां ती एकाएकीं फुगून, कांहीं दिवसांनीं पुन्हां उतरते काय? हें शेवटचें लक्षण फार बोलकें आहे. जंतुसंसर्गानें किंवा आंतल्या आंत रक्तस्राव झाल्यानें अशी गांठ एका रात्रींत दुप्पट होऊं शकते आणि निळसर दिसूं लागते. घरच्यांना वाटतें, रोग चेतला. वस्तुतः पिशवींत रक्त वा दाहाचें पाणी सांचलेलें असतें.

दुसरें साधन हात. शिरांच्या दोषाची गांठ मूल रडलें किंवा खालीं वाकलें म्हणजे भरते आणि दाबली असतां रिकामी होते. लसिकेची गांठ मऊ असते, परंतु तिचें भरणें-उतरणें असें सहज होत नाहीं. क्षयाच्या गंडमाळेच्या ग्रंथी त्यामानानें घट्ट, पुष्कळदां एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिसरें साधन प्रकाश. खोलींत अंधार करून गांठीला विजेची हातबत्ती टेकवली, तर मोठ्या पिशव्यांची गांठ कंदिलाच्या कांचेसारखी आंतून उजळते.

त्यानंतर यंत्रें येतात. सोनोग्राफींत पिशव्यांचा आकार आणि त्यांच्यामधले पडदे दिसतात, आणि आंत रक्ताचा प्रवाह आहे कीं नाहीं हेंहि कळतें. एम. आर. आय. यंत्रानें दोष किती खोल गेला आहे, श्वासनलिका, जीभ आणि छाती यांच्याशीं त्याचा संबंध किती आहे, याचा नकाशा मिळतो. लहान मुलांना त्यासाठीं कित्येकदां गुंगीचें औषध द्यावें लागतें. तें देणारा तज्ज्ञ हजर असेल तेथेंच ही तपासणी करावी. सुईनें पाणी काढून तपासणें कधीं कधीं आवश्यक होतें. पण नुसतें पाणी काढल्यानें गांठ बरी होत नाहीं. पिशवी पुन्हां भरते. घरीं किंवा गांवच्या जाणत्याकडून सुई टोंचून घेणें, डाग देणें, पोटीस बांधून ती फोडूं पाहणें, हे सारे प्रकार जंतूंना आंत वाट करून देणारे आहेत.

या नकाशावरूनच दोषाची जात ठरते. पिशव्या साधारण एक-दोन सेंटिमीटरांहून मोठ्या असल्या तर ती मोठ्या पिशव्यांची जात; ती द्राक्षांच्या घडासारखी असते. त्याहून लहान असल्या तर बारीक पिशव्यांची जात. ती पाण्यानें भिजलेल्या स्पंजासारखी असून मांसांत भिनलेली असते. त्वचेवर किंवा जिभेवर हिचे पारदर्शक फोड शिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, त्यांतून पाणी वा रक्त झिरपतें. पुष्कळ मुलांत दोन्ही जाती एकत्र असतात. उपचार या जातीवर अवलंबून असतो.

लहान गांठ, जी श्वासाला वा गिळण्याला अडथळा करीत नाहीं आणि फारशी दिसतहि नाहीं, ती नुसती नजरेखालीं ठेवणें हाहि उपचारच आहे. कांहीं मोठ्या पिशव्या आपोआप आकसतातहि. ‘कांहीं करूं नका’ असें डॉक्टरांनीं म्हटलें म्हणजे त्यांना कांहीं येत नाहीं, असा समज करून घेऊं नये.

मोठ्या पिशव्यांच्या गांठींत आतां बहुधा सुईचा मार्ग प्रथम पत्करतात. पिशवींतील पाणी काढून त्या जागीं असें औषध सोडतात कीं, आंतली भिंत दाहानें एकमेकींला चिकटून पिशवी बुजून जावी. जंतुसंसर्ग झाल्यानंतर कांहीं गांठी आपोआप आकसलेल्या दिसत. तोच परिणाम सौम्यपणें घडवून आणण्याची ही कल्पना. जपानमध्यें १९७७ मध्यें ब्लिओमायसीन या औषधाचा, आणि १९८७ मध्यें निर्जीव केलेल्या जंतूंपासून बनविलेल्या ओके-४३२ या औषधाचा असा उपयोग प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लीनहि वापरण्यांत येतें. कित्येक वेळां हा उपचार पुन्हां पुन्हां करावा लागतो. टोंचल्यानंतर पहिले कांहीं दिवस गांठ उलट अधिक सुजते. श्वासनलिकेजवळची गांठ असेल तर म्हणूनच मुलाला रुग्णालयांत देखरेखीखालीं ठेवावें लागतें. ब्लिओमायसीनची एकूण मात्रा फार झाली तर फुप्फुसांना इजा पोंचते. तेव्हां आधीं किती वेळां व किती औषध दिलें, याचे कागद घरच्यांनीं जपून ठेवावे.

बारीक पिशव्यांच्या स्पंजांत सुईचें औषध सर्वत्र पसरत नाहीं, म्हणून तेथें गुण कमी येतो. शस्त्रक्रिया आजहि टाकाऊ झालेली नाहीं. दोष सुटसुटीत असेल, नसा दूर असतील, तर तीच उत्तम. पण शस्त्रवैद्याचें ध्येय बदललें आहे. जेवढें निर्धास्तपणें निघेल तेवढें काढावें, उरलेलें राहूं द्यावें, आणि मुलाचें हसणें, बोलणें व गिळणें शाबूत ठेवावें, हें तें ध्येय होय.

चौथा मार्ग पोटांत घेण्याच्या औषधाचा. आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडांतील एक शास्त्रीय मंडळी पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली होती. तिनें तेथील मातीचे नमुने आणले. त्या बेटाचें तेथील लोकांच्या भाषेंतील नांव रापा नुई. बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत औषधशास्त्र शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल हे मॉन्ट्रिऑल येथील एका औषधी कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ मध्यें त्या मातींतील जंतूपासून एक द्रव्य वेगळें केलें व बेटाच्या नांवावरून त्याला रापामायसीन असें नांव दिलें. पुढें ती प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हां सहगलांनीं त्या जंतूचे नमुने आपल्या घरच्या शीतपेटींत जपून ठेवले. १९९९ मध्यें तेंच द्रव्य, सिरोलिमस या नांवानें, मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांसाठीं अमेरिकेंत मान्य झालें.

त्याचा लसिकेच्या दोषाशीं संबंध काय, हें स्पष्ट झालें २०१५ मध्यें. या दोषांतून काढलेल्या पेशींच्या बहुतेक नमुन्यांत पीआयके३सीए नांवाच्या एका जनुकांत बदल आढळला. हें जनुक पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणाऱ्या सांखळींतला एक दुवा आहे. बदल झाला कीं तो निरोप सतत जात राहतो. सिरोलिमस त्याच सांखळीचा पुढचा दुवा दाबून धरतें. २०१६ मध्यें वाहिन्यांचे गुंतागुंतीचे विकार असलेल्या रोग्यांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यांत सहा महिन्यांच्या अखेरीस तपासलेल्या ५७ जणांपैकीं ४७ जणांना बराच उतार पडला होता. पूर्ण बरा मात्र एकहि झाला नव्हता. हें औषध शरीराची प्रतिकारशक्ति उतरवितें, तोंड येतें, रक्तांतील चरबी वाढते. म्हणून रक्ताच्या वारंवार तपासण्या करीत, जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच तें द्यावें लागतें. ज्यांचा दोष सुई आणि शस्त्र या दोघांच्याहि आवांक्याबाहेरचा असतो, त्यांना त्यानें नवी वाट दाखविली आहे. छातींत दुधासारखी लसिका सांचणें, हाडें झिजून नाहींशीं होणें असे याच कुळांतले अतिविरळ आणि गंभीर विकार आहेत. त्यांतहि त्याचा उपयोग करून पाहतात.

त्या जनुकाच्या शोधांतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ती घराघरांत पोंचणें जरूर आहे. हा बदल सामान्यतः आईबापांकडून आलेला नसतो. गर्भधारणा झाल्यानंतर, वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशींत तो आपोआप घडतो आणि त्या पेशीच्या वंशापुरताच राहतो. त्याचा ग्रहणाशीं संबंध नाहीं, विळीशीं नाहीं, आईच्या खाण्यापिण्याशीं वा चिंतेशींहि नाहीं. मुलाच्या एकाच जागच्या अशा साध्या दोषामुळें पुढच्या भावंडालाहि तो होईल, असें मानण्याचें कारण नाहीं. गर्भाच्या पहिल्या कांहीं महिन्यांत सोनोग्राफींत मानेच्या मागें पाणी सांचलेलें दिसतें, ती गोष्ट मात्र वेगळी. तिच्या मागें कधीं कधीं गुणसूत्रांचा दोष असतो आणि तिची तपासणी स्वतंत्रपणें करावी लागते. उलट, शेवटच्या महिन्यांत मानेंत मोठी गांठ दिसली, तर बाळंतपण अशा रुग्णालयांत व्हावें, कीं जेथें बाळाचा श्वासमार्ग जन्माच्या क्षणींच मोकळा करण्याची तयारी असेल.

घरच्यांनीं ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. गांठ एकाएकीं फुगली, लाल व गरम झाली, ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. श्वास घेतांना घरघर होऊं लागली, मूल दूध गिळेनासें झालें, ओठ निळे पडूं लागले, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. जिभेवर वा तोंडांत दोष असेल तर दांत व तोंड स्वच्छ ठेवावें. तेथूनच जंतु शिरतात. उपचार ठरवितांना एकाच डॉक्टराचें मत पुरेसें मानूं नये. मुलांचा शस्त्रवैद्य, क्ष-किरण विभागाचा तज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचा तज्ज्ञ एकत्र विचार करतात अशा मोठ्या रुग्णालयांत एकदां तरी जावें.

आणि गांठीच्या नांवाबरोबर मुलाला वाढवायचें असतें, हेंहि विसरूं नये. हा दोष पुष्कळदां सर्वस्वीं जात नाहीं. लहान होतो, शांत होतो, आणि मूल त्याच्यासह शाळेंत जातें, खेळतें, मोठें होतें. वर्गांतल्या मुलांनीं ‘हें काय?’ म्हणून विचारलें तर त्याला एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे: ही पाण्याची पिशवी आहे, ती जन्मापासून आहे, ती कोणाला लागत नाहीं. हें वाक्य मुलाला आधीं घरांत ऐकावयास मिळालें पाहिजे. तें म्हणतांना आजीचा आवाज कांपला नाहीं, आईची मान खालीं गेली नाहीं, तर मुलाचाहि आवाज कांपणार नाहीं.